पाठीत सिमेंट, छातीत धाप

मणक्यात सिमेंट भरतात, असे सांगितले की वाशीमच्या आमच्या वस्तीतल्या आयाबाया हसतात. पण ते खरे आहे. जन्मभर निंदण-सोंगणी केलेल्या आपल्या मायमाऊल्यांची हाडे उतारवयात ठिसूळ होतात. पाण्याचा गुंड उचलतानाही मणका दबतो. पुष्कळजणींचे दुखणे औषध, पट्टा आणि थोडा आराम यांनी काही आठवड्यांत उतरते. नाहीच उतरले, तर मोठ्या दवाखान्यात सुईवाटे मणक्यात सिमेंट भरतात.

हे सिमेंट घर बांधण्याचे नव्हे. भुकटी आणि द्रव कालवून केलेले ते एक प्रकारचे प्लास्टिक असते आणि काही मिनिटांत दगडासारखे घट्ट होते. १९८४ साली फ्रान्समध्ये हा उपचार सुरू झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तो लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. तेव्हापासून डॉक्टरांतच वाद आहे. मग आपण दोन प्रश्न विचारले तर बिघडले कुठे?

धोका असा. सिमेंट पातळ असताना मणक्याभोवतीच्या शिरांत शिरले, तर रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाते. बहुतेकांना ते कळतही नाही. काहींना मात्र धाप लागते, छातीत दुखते. क्वचित जीवावर बेतते. अमेरिकेतील छप्पन्न वर्षांच्या एका गृहस्थांच्या हृदयातून असा सिमेंटचा लांबट तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागला. त्याने हृदयाला भोक पाडून उजव्या फुप्फुसालाही इजा केली होती. २०२१ साली ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली.

आपल्याकडे म्हातारीला धाप लागली की घरचे म्हणतात, दमा असेल, वय झाले. सिमेंट भरल्यानंतर असे म्हणू नये. दिवस कितीही उलटलेले असोत. एक्स-रेत सिमेंटच्या पांढऱ्या रेघा दिसतात; पण पाठीत सिमेंट आहे हे डॉक्टरांना ठाऊक तर हवे! कारकुनीत जन्म गेल्याने आम्ही कागदाला फार मानतो. दवाखान्याचा सुटीचा कागद पत्र्याच्या पेटीत नको, म्हातारीच्या पिशवीत हवा. निदान लवकर झाले तर काहींना रक्त पातळ करणारी औषधे पुरतात, काहींवर नुसती नजर ठेवतात.

आणखी एक. पाठदुखी मणक्याच्या क्षयाचीही असते. तिथे जंतूंचा संसर्ग असतो, म्हणून सिमेंट चालत नाही. संमतीपत्रावर अंगठा उमटवण्याआधी विचारा: क्षय नाही हे तपासले का? सिमेंट भरताना पडद्यावर एक्स-रे सतत पाहणार ना? नंतर धाप लागली तर रात्री-बेरात्री कुठे यायचे?