खेळातले बेट आणि नकाशावरचे बेट

सप्टेंबर २०२० मध्ये जपानच्या त्सुशिमा बेटाला चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि तेथील प्राचीन वातात्सुमी मंदिराची तोरी, म्हणजे प्रवेशकमान, कोसळली. मंदिराने दुरुस्तीसाठी ५० लाख येनचे आवाहन केले. प्रत्यक्षात २ कोटी ७० लाख येनहून अधिक रक्कम जमा झाली. देणगीदारांपैकी अनेकांनी हे बेट कधी पाहिलेही नव्हते. त्यांनी ते पालथे घातले होते ते पडद्यावर, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या व्हिडिओ गेममध्ये. वादळाच्या अवघे दोन महिने आधी हा गेम बाजारात आला होता.

नागासाकी प्रांतातील हे बेट कोरिया आणि जपान यांच्यामधील सामुद्रधुनीत वसले आहे. क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२० मध्ये जेमतेम २८ हजार होती. इ.स. १२७४ मध्ये मंगोल आरमाराने जपानवर केलेल्या स्वारीचा पहिला घाव याच बेटाने सोसला. अमेरिकेतील सकर पंच या कंपनीने हा इतिहास आणि हा भूगोल आपल्या खेळासाठी निवडला.

भूगोलच का?

काल्पनिक जग निर्माण करण्याची मुभा असताना खऱ्या नकाशाकडे वळण्यामागे काही व्यावहारिक कारणे आहेत. पहिले म्हणजे सीमा. खेळाडूला कोठे तरी थांबवावेच लागते. बेटावर हे काम समुद्र करतो, कृत्रिम भिंत उभारावी लागत नाही. दुसरे म्हणजे दिशा. उंच डोंगर कोठूनही दिसतो आणि वाट दाखवतो. याच कंपनीने २०२५ मध्ये आणलेला ‘घोस्ट ऑफ योतेई’ होक्काइदोमधील १८९८ मीटर उंचीच्या योतेई पर्वताभोवती रचलेला आहे. तिसरे कारण हवामानाचे. त्सुशिमाच्या खेळात बाणाच्या खुणेऐवजी वारा वाट दाखवतो. तो ज्या दिशेने वाहतो, गवत ज्या बाजूला झुकते, तिकडे जायचे.

मात्र पडद्यावरील बेट म्हणजे खऱ्या बेटाची प्रतिकृती नव्हे. मैलोन्‌मैल अंतरे आखडून काही मिनिटांच्या घोडदौडीवर आणली आहेत. खरे त्सुशिमा बहुतांशी डोंगराळ आणि घनदाट अरण्याचे. खेळात मात्र फुलांनी बहरलेली खुली मैदाने पसरली आहेत. तेराव्या शतकातील नायक हायकू रचतो, वास्तविक हा काव्यप्रकार काही शतकांनंतर रुजला. तरीही बेटवासीयांनी हा खेळ आपला मानला. २०२१ मध्ये त्सुशिमा नगर प्रशासनाने खेळाचे दिग्दर्शक नेट फॉक्स आणि जेसन कॉनेल यांना पर्यटनदूत म्हणून नेमले.

आपल्या डोंगरांत

भारताचा भूगोलही या खेळांना नवा नाही. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ हा २०१७ मधील गेम कर्नाटकातील पश्चिम घाटात घडतो आणि त्यात होयसळ साम्राज्याच्या अवशेषांचा शोध घेतला जातो. बेलूर, हळेबीडची खरी मंदिरे मात्र बैठ्या बांधणीची. त्यांचे वैभव भव्यतेत नसून नाजूक कोरीवकामात आहे. खेळाने त्यांना धबधब्यांच्या सान्निध्यातील विराट अवशेषांचे रूप दिले. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’मध्ये राजस्थानी वास्तुशैलीचा आधार घेतला आहे.

पुढील खेळांसाठी सह्याद्रीत काय नाही? लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले कातळकडे, चार महिने कोसळणारा पाऊस, धुक्यात हरवणाऱ्या घाटवाटा, आणि ज्यांची रचनाच वाट अडवण्यासाठी झाली असे गिरिदुर्ग. मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत केला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत.

पण पडद्यावर एखादे ठिकाण लोकप्रिय होणे म्हणजे त्याचे भले होणेच, असे नाही. वादळानंतर जगभरातून मदत मिळालेल्या त्याच वातात्सुमी मंदिराने मार्च २०२५ मध्ये, एका परदेशी पर्यटकाच्या अवमानकारक वर्तनानंतर, भाविकांखेरीज इतरांना प्रवेश बंद केल्याचे जाहीर केले. या घटनेचा दोष खेळावर टाकता येणार नाही. परंतु खेळात कोसळलेला बुरूज पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो, खऱ्या गडाचा ढासळलेला चिरा तसा परत बसत नाही. सह्याद्री उद्या एखाद्या खेळात अवतरला, तर तो पाहून गडावर येणाऱ्यांना हा फरक समजावून सांगण्याची तयारी आजपासूनच हवी.