एकच गणवेश, निरनिराळे हक्क
माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा प्रश्न

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या प्रवेशद्वारांशी अहोरात्र पहारा देणाऱ्यांमध्ये अनेक माजी सैनिक आढळतात. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतून, तसेच सातारा-सांगलीकडून आलेले हे लोक सैन्यातील सेवा संपल्यावर येथे दुसरी नोकरी पत्करतात. एकाच पाळीत उभ्या असलेल्या तिघांचा गणवेश सारखा असतो आणि वेतनही बहुधा सारखेच असते. परंतु त्यांपैकी एखादा उद्या गंभीर आजारी पडला, तर कोणत्या रुग्णालयाचे दार त्याच्यासाठी उघडेल, याचे उत्तर तिघांच्या बाबतीत वेगवेगळे असू शकते. ते उत्तर आजाराच्या स्वरूपावर किंवा सैनिकाच्या शौर्यावर अवलंबून नसते. सेवामुक्तीच्या कागदावर किती वर्षांची नोंद आहे आणि निवृत्तिवेतन मिळते की नाही, यांवर ते ठरते. म्हणूनच ही व्यवस्था समजून घेणे गावपातळीवरील कार्यकर्त्यांना अगत्याचे आहे.

निवृत्तिवेतनाची सीमारेषा

सर्वसाधारणपणे जवानांना १५ वर्षांच्या व अधिकाऱ्यांना २० वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्यासाठीच्या निवृत्तिवेतनाला ही अट लागू होत नाही. पूर्वी निवृत्त सैनिकाला सैनिकी रुग्णालयात उपचार मिळत. परंतु ही रुग्णालये प्रामुख्याने सेवेतील सैनिकांसाठी असल्याने तेथील सोय मर्यादित होती. ही उणीव दूर करण्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. निवृत्त होताना हुद्द्यानुसार एकदाच अंशदान भरले, की सैनिक, त्याची पत्नी व अवलंबून असलेले कुटुंबीय यांना आजन्म उपचारांचा हक्क मिळतो. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना अंशदानातून सूट आहे. योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मिळतात आणि गरज पडल्यास तेथून मान्यताप्राप्त रुग्णालयाकडे पाठवले जाते.

येथेही अंतराचा प्रश्न उरतोच. पुणे, खडकी यांसारख्या लष्करी ठाण्यांजवळ राहणाऱ्याला ही सेवा सहज मिळते. खेड किंवा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम डोंगरी भागातील वृद्ध सैनिकाला मात्र रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीही दिवस मोडून प्रवास करावा लागतो.

सीमारेषेपलीकडचे सैनिक

निवृत्तिवेतन मिळण्याआधीच सेवामुक्त झालेल्यांची स्थिती अधिक कठीण आहे. त्यांच्यापैकी अनेकांना केवळ उपदान मिळाले. माजी सैनिक म्हणून त्यांची गणना होत असली, तरी अंशदायी आरोग्य योजनेचे दार त्यांच्यासाठी सामान्यतः बंद राहिले. मार्च २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, आणीबाणीच्या काळात नेमलेले अधिकारी, अल्पमुदतीच्या सेवेतील अधिकारी व मुदतपूर्व निवृत्त झालेले यांना या योजनेत येण्याची मुभा देण्यात आली. तथापि निवृत्तिवेतनाविना घरी आलेला सामान्य जवान बहुतांशी बाहेरच राहिला.

असा जवान कारखान्यात पहारेकरी असेपर्यंत त्याला राज्य कामगार विमा योजनेचा आधार मिळू शकतो. या योजनेसाठीची वेतनमर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. परंतु साठीनंतर, म्हणजे आजार वाढण्याच्या वयातच, ही नोकरी सुटते आणि तो आधारही बहुधा सुटतो. त्यानंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याच्या उपयोगी पडते. २०२४ पासून या योजनेत प्रत्येक कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठराविक उपचारांसाठी आहे. मधुमेहाची रोजची औषधे तीत बसत नाहीत आणि नेमका तोच खर्च वृद्धाला पेलत नाही.

६५ वर्षांवरील, निवृत्तिवेतन नसलेल्या निराधार माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळामार्फत मासिक अनुदान मिळते. ते १ नोव्हेंबर २०२५ पासून ४,००० वरून ८,००० रुपये करण्यात आले. वैद्यकीय खर्चासाठीही स्वतंत्र साहाय्य आहे. यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करावा लागतो.

नवी पिढी, नवा प्रश्न

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या प्रश्नाला नवे परिमाण लाभले. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते व प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत युवकच पुढे कायम होतात. इतरांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी देण्याची तरतूद आहे. परंतु निवृत्तिवेतन, माजी सैनिकाचा दर्जा व अंशदायी आरोग्य योजना यांपैकी काहीही त्यात नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला १००, ७५ व ५० टक्के या श्रेणींनुसार अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. चाकणच्या कारखान्यांत कामाच्या शोधात येणाऱ्यांत हे पंचविशीच्या आतबाहेरचे तरुणही असतील. गुडघ्याची किंवा पाठीची दुखापत आज किरकोळ वाटली, तरी चाळिशीत ती बळावू शकते. त्या वेळी त्यांच्यासाठी सैनिक म्हणून कोणतेही दार नसेल.

पुण्याचा वारसा

जखमी सैनिकाला पुन्हा उभे करण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. अपंग सैनिकांना तांत्रिक शिक्षण देणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीला आहे. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आणि १९७४ साली खडकीत पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्णपदक मिळवले. पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. उपचार व रोजगार यांची जोड मिळाली की अपंग सैनिक काय करू शकतो, हे त्यांच्या जीवनावरून दिसते. आणि समाजाची दखल किती उशिरा येते, हेही दिसते.

गावाने काय करावे?

अनेक हक्क कायद्याअभावी नव्हे, तर कागदाअभावी बुडतात. पत्नीचे नाव सैन्याच्या नोंदीत एक, आधारपत्रात दुसरे आणि विवाहनोंदीत तिसरेच असते. सैनिकाच्या निधनानंतर त्याच्या विधवेला ही तफावत कळते, तेव्हा ती दुरुस्त करणे अतिशय कठीण होते. ग्रामसेवकांनी जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले वेळेवर व अचूक द्यावेत. शिक्षकांनी वृद्ध सैनिकांना सेवामुक्तीचे पुस्तक व निवृत्तिवेतनाचा आदेश वाचून दाखवावा. पंचायतीने आपल्या गावातील सर्व सैनिकांची यादी ठेवावी व तीत निवृत्तिवेतन नसलेल्यांची वेगळी नोंद करावी. राज्य शासनाने २०२० साली माजी सैनिकांच्या घरपट्टीत दिलेली माफी पात्र कुटुंबांपर्यंत पोचली की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

धोरणातील दरी भरून काढणे पंचायतीच्या हाती नाही. परंतु त्या दरीच्या काठाशी कोण उभा आहे, हे सर्वांत आधी त्याच्या गावालाच कळते. ती नोंद झाली, तरच त्याचा प्रश्न वरपर्यंत पोचेल.