एकाच जागेत दोन आंघोळी

टबावर शॉवर बसवलेला असेल, तर टबाच्या नळावर एक छोटी खुंटी असते. नळ सोडा, खुंटी वर ओढा आणि हात काढून घ्या. टबात पडणारं पाणी थांबतं, भिंतीतून वर चढतं आणि डोक्यावरच्या शॉवरमधून कोसळू लागतं. खुंटी कुणी धरलेली नसते, तरी ती वरच राहते. नळ बंद केला की क्षणभराने टक् आवाज करून आपसूक खाली येते.

तिच्या पोटात एक झडप असते. खुंटी ओढली की झडप टबाकडची वाट अडवते आणि अडलेलं पाणीच तिला जागच्या जागी दाबून धरतं. नळ बंद झाला, दाब ओसरला, की ती स्वतःच्या वजनाने पडते. पाणी अडवण्याचं बळ पाण्याकडूनच घ्यायचं, आणि काम संपलं की वाट पुन्हा टबाकडे मोकळी करून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाच्या डोक्यावर एकदम गार धार यायला नको. एवढी हुशारी बोटभर पितळेत मावते!

टब-शॉवरची जोडी निवडायची म्हणजे दुकानात जाऊन गुळगुळीत पांढऱ्या टबांवरून हात फिरवायचा, असं आपल्याला वाटतं. खरं तर निम्मी निवड आपल्या इमारतीने आधीच करून ठेवलेली असते: गच्चीवरच्या टाकीने, गिझरने आणि स्लॅबने. ती नीट समजून घेऊ लागलो, की पाच बाय सात फुटांच्या खोलीत निसर्गाचे किती नियम राबतात हे बघून थक्क व्हायला होतं.

टाकीची उंची

वरच्या मजल्यावरच्या काही घरांत ती खुंटी वर राहतच नाही. ओढली की पुन्हा खाली. खुंटी बिघडलेली नसते, पाण्याला दाब नसतो.

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब ठरतो तो उंचीवर. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून दर मीटर खाली आलं की दाब साधारण ०.१ बारने वाढतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवर टाकीच्या तीनेक मीटर खाली असतो, म्हणजे हाताशी दाब जेमतेम ०.३ बार. त्याच सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर हे अंतर वीसेक मीटर होतं आणि दाब जवळपास २ बारवर जातो. नवलाची गोष्ट अशी की टाकी पाचशे लिटरची आहे की दहा हजार लिटरची, याने दाबात काडीचा फरक पडत नाही. फक्त उंची मोजली जाते.

थाळीएवढा मोठा शॉवर दुकानात मोहात पाडतो, पण अशा अनेक शॉवरना निदान १ बार दाब लागतो. वरच्या मजल्यावर तो लावला तर पाणी नुसतं ठिबकत राहील. तिथे एकतर प्रेशर पंप बसवावा, नाहीतर लहान तोंडाचा शॉवर घ्यावा. आणखी एक गोष्ट प्लंबरकडून तपासून घ्यावी. गरम आणि गार, दोन्ही पाणी एकाच टाकीतून येतं ना? जुन्या घरांत गिझरला टाकीचं पाणी आणि गार नळाला थेट पालिकेची लाइन, असा प्रकार असतो. दोन दाब एका मिक्सरमध्ये भिडले की जास्त दाबाचं पाणी दुसऱ्याला येऊच देत नाही, आणि आंघोळ करणारा चकती इकडून तिकडे फिरवत बसतो.

गिझरचं गणित

अंगभर बुडायला टबात साधारण १५० लिटर पाणी लागतं, तेही ४० अंशांच्या आसपास. नळाचं पाणी २५ अंश आणि गिझरमधलं ६० अंश धरलं, तर या मिश्रणात ६४ लिटर गरम पाणी हवं. आपल्या घरांतला मोठा गिझर २५ लिटरचा. तो एका दमात ४० अंशांचं ५८ लिटर पाणी देऊ शकतो. मिनिटाला ९ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली सहाएक मिनिटांची झकास आंघोळ होते, टब मात्र निम्माही भरत नाही. २ किलोवॅटच्या गिझरला पुन्हा तापायला अर्धा तास लागतो. दुसरी, तिसरी खेप येईपर्यंत टबातलं पहिलं पाणी कोमट झालेलं असतं.

पाणी तापवणं इतकं महाग का पडतं? पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे फार थोडे पदार्थ पाण्याइतकी उष्णता पोटात घेतात. लिटरभर पाणी १५ अंशांनी तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेत तेच लिटरभर पाणी सहा किलोमीटरहून उंच उचलता येईल. कळसूबाईचं शिखर आहे १६४६ मीटरवर. तापलेल्या प्रत्येक लिटरमध्ये त्याच्या जवळजवळ चौपट उंची गाठण्याचं बळ असतं! एक टब भरायला सुमारे २.६ युनिट वीज लागते, आठ मिनिटांच्या शॉवरला त्याच्या निम्मीच. बादलीभर पाण्याचं भागतं ०.३५ युनिटमध्ये.

पाण्याचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. भारतीय मानकांत शहरी घरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलेलं आहे, त्यातलं ५५ लिटर आंघोळीचं. एक भरलेला टब म्हणजे एका माणसाचा अख्ख्या दिवसाचा वाटा आणि वर थोडं जास्तच. म्हणून टब आणि शॉवर एकत्र असण्याला अर्थ आहे. रोज शॉवर, आणि अंग आंबलं असेल, ट्रेक करून पाय दुखत असतील किंवा लहान मुलांना डुंबायचं असेल त्या दिवशी टब. टबातलं पाणी सोडून देण्याआधी बादलीने काढून फ्लशला आणि लादी धुवायला वापरता येतं. मुलं पाण्यात असताना मात्र मोठ्या माणसाने तिथून क्षणभरही हलू नये.

स्लॅबवरचा भार

लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. १५० किलो पाणी, ७० किलोंचा माणूस आणि ३० किलोंचा ॲक्रिलिक टब, असे अडीचशे किलो साधारण १७०० बाय ७०० मिलिमीटर जागेवर बसतात. चौरस मीटरला दोनशे किलोंच्या थोडं वर. घरातल्या बाथरूमसाठी भारतीय मानक जो वापराचा भार धरतं, तो साधारण २०० किलोच आहे. खोलीचा उरलेला भाग रिकामा असतो, म्हणून चांगल्या बांधणीच्या इमारतीत ॲक्रिलिक टब सहसा खपून जातो. पण आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब मुद्दाम थोडा खाली घेऊन तो खळगा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो, आणि त्याचं ओझं त्या स्लॅबवर आधीपासून आहे. इमारत जुनी असेल किंवा टब बिडाचा घ्यायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. बिडाच्या टबाचं नुसतं वजनच शंभर किलोंच्या पुढे जातं.

बिडाच्या टबाचा इतिहास मोठा मजेचा आहे. अमेरिकेत १८८३ साली जॉन मायकेल कोहलर यांनी जनावरांच्या बिडाच्या हौदाला तापवून काचेचा लेप चढवला, आणि तोच हौद पुढे आंघोळीचा टब म्हणून विकला गेला. त्या गुळगुळीत पांढऱ्या टबावर तुमचं अंग टेकतं ते खरं तर काचेवर. पण काचेखालचं बीड उष्णता भराभर ओढून घेतं, त्यामुळे सुरुवातीला पाठीला गार लागतं. ॲक्रिलिकमधून उष्णता लोखंडाच्या शेकडो पटींनी सावकाश जाते, म्हणून त्याचा स्पर्श पहिल्यापासून उबदार वाटतो.

धारेचे थेंब

आता शॉवर सोडून त्याच्या तोंडाजवळ डोळे न्या. भोकांतून थेंब पडत नाहीत, काचेसारख्या नितळ, अखंड धारा निघतात. वीतभर खाली त्याच धारा दुधाळ दिसू लागतात, कारण तिथे त्यांचे थेंब झालेले असतात. पाण्याचा पृष्ठभाग सतत आकसू पाहतो. धार आपल्या घेरापेक्षा लांब झाली की तिच्यावरच्या बारीक लहरी वाढत जातात आणि तिचे तुकडे पडतात. हे बेल्जियमच्या जोझेफ प्लातो यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. त्यांची दृष्टी गेली होती. प्रयोग इतरांच्या हातांनी आणि डोळ्यांनी करून घेत त्यांनी द्रवांच्या आकारांचे नियम शोधले.

थेंबांचा खरेदीशीही थेट संबंध आहे. लिटरभर पाण्याचे दोन मिलिमीटरचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग तीन चौरस मीटर होतो. एवढ्या पृष्ठभागातून उष्णता झपाट्याने निघून जाते, म्हणून डोक्याला छान ऊन लागणारं पाणी पायांशी गार झालेलं असतं. धुक्यासारखे बारीक थेंब पाडणारा शॉवर पाणी वाचवतो, पण थंडीत हुडहुडी भरवतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात जाड धारेचा शॉवर बरा.

शॉवर सुरू झाला की पडदा आत ओढला जाऊन अंगाला चिकटतो, हा अनुभव तर सगळ्यांचाच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर याचा माग काढला. पडणारे थेंब आजूबाजूच्या हवेला आडवी भोवऱ्यासारखी फिरवतात, त्या भोवऱ्याच्या मध्यभागी दाब कमी होतो आणि पडदा तिकडे खेचला जातो. या कामाला २००१ साली इग्नोबेल पुरस्कार मिळाला. खेचाखेची नको असेल, तर टबाच्या कडेवर टफन केलेल्या काचेचं अर्धं पान बसवावं. हवा त्याला हलवू शकत नाही.

मेणाची करामत

शेजारच्या संडासात कुणी फ्लश केला की गार पाण्याचा दाब घसरतो आणि साध्या मिक्सरखाली उभ्या माणसाला चटका बसतो. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी गंभीर भाजू शकतं, मुलांची त्याहून लवकर. यावरचा उपाय म्हणजे थर्मोस्टॅटचा मिक्सर, आणि त्याच्या पोटात असते मेणाची एक बंद कुपी. पाणी तापलं की मेण फुगतं, दट्ट्याला ढकलतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद होते. पाणी निवलं की मेण आकसतं आणि वाट रुंदावते. वीज नाही, चिप नाही. गार पाणी अचानक बंद पडलं तर चांगला मिक्सर गरम पाणीही थांबवतो. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर टबाचा थाट कमी करून पैसे इथे घालावेत. मात्र याला किमान किती दाब लागतो, तो आकडा खोक्यावर वाचून घ्यावा.

टाइल्स लावण्याआधी

टबाची कड जमिनीपासून पन्नास-साठ सेंटिमीटर उंच असते. ओल्या पायाने ती रोज ओलांडायची आहे, म्हणून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दुकानात बरोबर न्या आणि कोरड्या टबात पाय टाकून बघायला सांगा. त्यांना जड जात असेल तर त्या घरात टब नकोच, खाली सपाट शॉवर आणि भिंतीला धरायची दांडी पुरे.

मग वॉटरप्रूफिंग. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा हौद सुमारे १२ बाय ७ मीटरचा. घट्ट बसवलेल्या विटांच्या मागे डांबरासारख्या बिट्युमेनचा थर देऊन त्यांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी पाणी रोखलं होतं. आपला प्रश्नही तोच आहे. कोबा आणि रसायनांचा लेप झाला की बाथरूममध्ये पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवावं आणि खालच्या घराचं छत ओलावतंय का ते पाहावं. टबाच्या बाजूला उघडता येईल अशी झडप ठेवावी, म्हणजे खालचा ट्रॅप साफ करता येतो.

टब बदलता येतो, पडदा बदलता येतो, शॉवर तर अर्ध्या तासात बदलतो. भिंतीत गाडलेला मिक्सर आणि पाइप मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणार आहेत. म्हणून सगळ्यात चांगला माल भिंतीच्या आत जाऊ द्या, आणि टाइल्स चढण्याआधी पाइपांना मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. उद्या गळती लागलीच, तर प्लंबर नेमकी तेवढीच टाइल फोडेल.