तिकिटावरचे अधिक चिन्ह

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या जर्मन आजोबांनी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला आपला जुना तिकिटांचा अल्बम दिला. तिला कुत्रा हवा आहे आणि आम्ही मात्र भाड्याचे घर, दोघांच्या नोकऱ्या, दर वर्षीची भारतवारी अशी कारणे सांगत आलो आहोत. साहजिकच तिने आधी कुत्र्यांचेच पान उघडले. राठ केसांचा डाकल, रुबाबदार जर्मन शेफर्ड! मग प्रश्न आला, "बाबा, तिकिटावर १००+५० असं का लिहिलंय?"

आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडला असेल. १९९५ आणि १९९६ साली जर्मनीत कुत्र्यांच्या जातींवर 'युवकांसाठी' या मालिकेत तिकिटे निघाली. तेव्हा साध्या पत्राला १ मार्क, म्हणजे १०० फेनिग लागत. तेवढेच टपालखर्चाचे. अधिक चिन्हापुढचे ५० फेनिग ही देणगी. ती 'ष्टिफ्टुंग डॉइचे युगेंडमार्के' या संस्थेमार्फत मुलांसाठीच्या आणि युवकांसाठीच्या कामांना जाते. २००४ साली याच मालिकेत मांजरे आली, तोवर युरो आला होता : ५५+२५ सेंट. मार्कातली तिकिटे ३० जून २००२ नंतर बाद झाली. मांजरांचे तिकीट आजही चालते, पण ५५ सेंटांपुरतेच. वरचे २५ केव्हाच मुलांच्या कामी लागले!

भारतीय टपाल खात्यानेही ९ जानेवारी २००५ रोजी चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली : हिमालयन शीप डॉग, रामपूर हाउंड, राजापालयम आणि मुधोळ हाउंड. यातला मुधोळ तर आपल्या शेजारचाच. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान, आज ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. आपल्याकडे खेडोपाडी या शिकारी कुत्र्याला कारवानी म्हणतात. या तिकिटांवर मात्र अधिक चिन्ह नाही. दुर्लक्षित देशी जातींची ओळख करून दिली, हेच त्यांचे काम.

लेकीला एवढे सगळे समजावल्यावर मी बापाच्या अधिकाराने पुढे म्हणालो, "कुत्रा पाळणंही असंच असतं. विकत घेताना दिलेली किंमत ती पहिली. अधिक चिन्हापुढचं रोज द्यावं लागतं : पावसात फिरवणं, डॉक्टर, आणि आपण पुण्याला गेलो की त्याला कोण सांभाळणार?"

वाटले, विषय मिटला. पण दुसऱ्या दिवसापासून ती आजोबांच्या म्हाताऱ्या डाकलला संध्याकाळी फिरवू लागली. बर्फ पडो, पाऊस पडो, दोन महिने झाले, एकही दिवस चुकलेला नाही. परवा आजोबा हळूच म्हणाले, "सुट्टीत तुमचा कुत्रा माझ्याकडे राहील."

आता माझ्याकडे भाड्याच्या घराचे एकच कारण उरले आहे. या आठवड्यात घरमालकांना पत्र लिहायचे आहे. त्यावर मांजराचे तिकीट लावायचे, असे लेकीने ठरवून टाकले आहे. उरलेल्या टपालखर्चाची तिकिटे अर्थात बाबांनी आणायची!