फ्रेंच-कॅनडियन शेतकऱ्याचा वंशशोध : साधने व त्यांची पारख

राजघराण्यांच्या वंशावळी आश्रित लिहून ठेवतात; नांगर धरणाऱ्याची वंशावळ सहसा कोणी लिहीत नाही. कॅनडाचा क्वेबेक प्रांत हा या नियमाला लक्षणीय अपवाद होय. सतराव्या शतकात तेथे वसलेल्या निरक्षर फ्रेंच शेतकऱ्याचा विवाह, अपत्ये, जमीन व मृत्यू यांचा मागोवा आजही घेता येतो. तो कसा घ्यावयाचा व त्यात कोठे सावध राहावयाचे, हे झकारी क्लुतिए याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

क्लुतिए हा फ्रान्समधील पेर्श परगण्यातील सुतार. १४ मार्च १६३४ रोजी त्याने रोबेर जिफार या जमीनदाराशी चाकरीचा करार केला व मोबदल्यात क्वेबेकनजीक बोपोर येथे जमीन मिळविली. पुढे त्याने शातो-रिशे येथे शेती वसविली व तेथेच १६७७ मध्ये तो निवर्तला. त्याला लिहिता येत नव्हते. दस्तऐवजांवर सहीच्या जागी तो कुऱ्हाडीची निशाणी करी.

अशा माणसाच्या वंशशोधाचे मुख्य साधन म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे आईबाप व धर्ममातापिता, तर विवाहाच्या नोंदीत बहुधा वधूवरांचे आईबाप दिलेले असतात. शिवाय स्त्रीची नोंद विवाहानंतरही माहेरच्या नावानेच होत असल्याने मातृकुळाचा धागा तुटत नाही. १६६७ च्या फ्रेंच राजाज्ञेने या वह्यांच्या दोन प्रती ठेवण्याचे बंधन घातले. तथापि त्यापूर्वीच, १६४० मध्ये, क्वेबेकचे चर्च आगीत भस्मसात झाले होते व जळालेल्या नोंदी स्मरणाने पुन्हा लिहाव्या लागल्या होत्या. म्हणून त्या काळातील नोंदीस अन्य पुरावा शोधणे अगत्याचे ठरते.

तो पुरावा करारपत्रांतून मिळतो. क्लुतिएची कन्या आन हिचा रोबेर द्रुएँ याच्याशी झालेला २७ जुलै १६३६ चा विवाहकरार हा कॅनडातील उपलब्ध विवाहकरारांत सर्वांत जुना मानला जातो. वधू त्या वेळी अवघी दहा वर्षांची होती. हा कागद आगीपूर्वीचा असल्याने त्याचे मोल विशेष आहे. तिसरे साधन शिरगणतीचे. १६६६ च्या गणतीत ३,२१५ वसाहतवाले नोंदले गेले. १६६७ च्या गणतीत लागवडीची जमीन व गुरे यांचीही भर पडली. मात्र गणतीतील वये अनेकदा अंदाजाने सांगितलेली असतात. त्यांवरून जन्मसाल ठरविणे धोक्याचे होय.

खरी अडचण नावांची आहे. क्लुतिएच्या मुलाचे नावही झकारीच होते. अनेक कुटुंबांत आडनावाला 'दि', म्हणजे 'ऊर्फ', जोडून दुसरे नाव लावीत, व पुढे एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन आडनावांनी ओळखल्या जात. त्यामुळे एकट्या व्यक्तीच्या नावावर विसंबता येत नाही. पतिपत्नींची जोडी हाच ओळखीचा भरवशाचा आधार ठरतो. सिप्रियाँ तांगे याने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांत प्रसिद्ध केलेल्या वंशकोशाने या अभ्यासाचा पाया घातला. १९६६ मध्ये मॉन्ट्रिऑल विद्यापीठात सुरू झालेल्या ऐतिहासिक लोकसंख्या-संशोधनाने जुन्या नोंदी परस्परांशी जोडून एकेक कुटुंब उभे केले. त्यानुसार १८०० पूर्वी विवाह झालेले क्लुतिएचे वंशज १०,८५० भरतात.

या संख्येचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. तीत मुलींच्या व नातींच्या शाखांतून आलेलेही वंशज आहेत. आडनावाने ते ओळखू येत नाहीत. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकास १,०२४ पूर्वजस्थाने येतात, व आडनाव त्यांतील एकाचाच मार्ग दाखविते. केवळ आडनावाच्या आधारे रचलेली वंशावळ म्हणूनच कुळाचा अत्यल्प भाग सांगते. उरलेला भाग आन क्लुतिएसारख्या मुलींच्या नोंदींत शोधावा लागतो.