अंतरिम पोटगी : कायदा साठ दिवसांचा, तारखा वर्षानुवर्षांच्या

घटस्फोटाचा दावा लागला की निकालापर्यंत वर्षे निघून जातात. या काळात नवऱ्याचा पगार चालूच असतो. बायको मात्र लेकरांना घेऊन माहेरी, भावाच्या संसारात ओझे होऊन राहते. तारखेला यायचे तर एसटीचे भाडे, त्यात वकिलाची फी, लेकरांची शाळा. हातातले संपले की ती मिळेल त्या रकमेवर सही करते आणि गाव म्हणते, 'आपसात मिटले!' आम्ही वकिली करताना असे 'मिटलेले' दावे नेहमी पाहतो.

या नाडवणुकीवर कायद्यात उपाय आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ नुसार, पती असो वा पत्नी, ज्याच्याकडे निर्वाहापुरते व दावा लढण्यापुरते उत्पन्न नाही, त्याला दुसऱ्या पक्षाकडून दरमहा पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. दावा कोणी दाखल केला, याने हा हक्क अडत नाही. २००१ च्या दुरुस्तीने नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा, असेही सांगितले. पण 'शक्यतो' या एका शब्दाच्या आडोशाने तारखा पडत राहतात.

काही बांधव विचारतात, "आपण बौद्ध, मग हिंदू कायदा आपल्याला कशाला?" स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी रास्तच आहे. परंतु आज याच कायद्याचे कलम २ तो बौद्धांनाही लागू करते. तेव्हा धम्माचे नाव पुढे करून भगिनीची पोटगी बुडवता येणार नाही. 'लग्नच कायदेशीर नव्हते' ही पळवाटही आता अरुंद झाली आहे. विवाह रद्दबातल ठरण्याजोगा दिसत असला, तरी न्यायालय अंतरिम पोटगी देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी स्पष्ट केले.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात एका पत्नीने २०१३ साली पोटगीचा अर्ज केला. अंतरिम पोटगीचा वाद सात वर्षे वरपर्यंत चालला. तो अर्ज फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालचा (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४). त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेले निर्देश कलम २४ च्या अर्जांनाही लागू आहेत : दोन्ही पक्षांनी मिळकत व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. म्हणजे तारखा लांबवून नवऱ्याची थकबाकी कमी होत नाही, ती वाढते. भगिनींनी हे पक्के ध्यानात ठेवावे. नवऱ्याची पगारपावती, बँकेचा तपशील, शेतीचा सातबारा, जे हाती लागेल ते जपून ठेवावे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून मागे हटू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे.

आता कटू बोलतो. १४ एप्रिलला हिंदू कोड बिलावर तासभर बोलणारे नोकरदार कार्यकर्ते कोर्टात पगार लपवतात. समाजाची बैठक बसते ती बाईला 'केस मागे घे' म्हणायला. नवऱ्याला 'पोटगी भर' म्हणायला नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवल्याची वेदना हे मोठे कारण होते. ज्यांनी स्त्रीच्या हक्कासाठी सत्ता सोडली, त्यांच्या अनुयायांना पगारातला वाटा सोडवत नाही?

विहारात वंदनेनंतर महिन्यातून एकदा कायद्याची माहिती द्या. तारखेला निघालेल्या भगिनीसोबत दोघी-तिघींनी जावे. आणि पोटगी थकवणारा कितीही मोठा पुढारी असो, थकबाकी भरेपर्यंत त्याला आपल्या मंचावर खुर्ची देऊ नका.