बदली कॅमदंडाची निवड : फियाट ११०० जातीच्या इंजिनाचा विचार

चतुष्पद इंजिनात दट्ट्या, भुजादंड व कार्ब्युरेटर यांच्याकडे सामान्यतः जितके लक्ष जाते, तितके कॅमदंडाकडे जात नाही. वस्तुतः झडपा केव्हा उघडावयाच्या, किती उघडावयाच्या व केव्हा मिटावयाच्या, हे सर्वस्वी हा दंडच ठरवितो. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत त्याचा एक फेरा होतो. इंजिनाचा स्वभाव मंद पण ओढाळ असावा की चपळ पण हट्टी, हे बऱ्याच अंशी त्याच्या उंचवट्यांच्या आकारावर अवलंबून असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे फियाट ११०० व तिचीच पुढील आवृत्ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, ६८ मिलिमीटर व्यासाचे, ७५ मिलिमीटर धावेचे, म्हणजे १०८९ घन सेंटिमीटरांचे होते. त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. कॅमदंड खालच्या ठोकळ्यात असून टॅपेट, पुशरॉड व रॉकर यांच्या द्वारा झडपा हालत. आता हे उत्पादन बंद झाले असून सुटे भाग दुर्मिळ आहेत. म्हणूनच झिजलेल्या कॅमदंडाच्या जागी ‘शर्यतीचा’ दंड बसविण्याचा मोह झाला, तर तो निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. चुकीच्या निवडीने केवळ पैसा जात नाही; सहजी न मिळणारे इंजिनही गमावण्याची वेळ येते.

कॅमदंड तीन मापांनी ओळखला जातो : झडपेची उचल, ती उघडी राहण्याचा अंशात्मक काल, आणि दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काल, म्हणजे उपरिव्याप. उदाहरणार्थ, एका सौम्य दंडात अंतर्गम झडप दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी १५ अंश उघडते व खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी मिटते. एकूण काल २४० अंश. निष्कास झडपही याच मापाने चालत असेल, तर उपरिव्याप ३० अंश होतो. तीव्र दंडात हेच आकडे ३५ व ७५ धरल्यास काल २९० अंश व उपरिव्याप ७० अंश होतो.

झडप उशिरा मिटविण्याचे कारण वेगात आहे. मिनिटास १००० फेऱ्यांना २४० अंश म्हणजे ४० सहस्रांश सेकंद. ५००० फेऱ्यांना तेच केवळ ८. इतक्या अल्प वेळात मिश्रण पुरेसे आत येत नाही. परंतु नळीतून वेगाने येणाऱ्या मिश्रणाला गती असल्यामुळे, दट्ट्या वर निघाल्यानंतरही ते आत शिरत राहते. मंद वेगात मात्र ही गती नसते. साधारण लांबीचा संयोगदांडा धरल्यास ४५ अंशांवर दट्ट्या धावेचा सुमारे एक-दशांश, तर ७५ अंशांवर सुमारे तीन-दशांश भाग चढलेला असतो. तेवढे मिश्रण मंद वेगात परत नळीत लोटले जाते.

शक्ती व ओढ यांतील संबंध पुढील सूत्राने स्पष्ट होतो : किलोग्रॅम-मीटरमधील परिबलास मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ७१६ ने भागल्यास अश्वशक्ती मिळते. समजा, तीव्र दंडामुळे ५५०० फेऱ्यांवर ६ परिबल मिळाले, तर शक्ती ४६ होईल. पण १५०० फेऱ्यांवर परिबल ६॥ वरून ५ वर उतरले, तर तेथील शक्ती सुमारे १४ वरून साडेदहावर येईल. विमानतळाच्या धावपट्टीवरील शर्यतीत दुसरा आकडा गौण ठरेल. परंतु बीड जिल्ह्यातील चकलांब्याहून गेवराईस जाणाऱ्या गाडीला उसाच्या ट्रॅक्टरमागून रेंगाळावे लागते, खड्ड्यांपाशी गती तोडावी लागते व पुन्हा उचलावी लागते. तेथे चालकाचा बहुतेक वेळ याच खालच्या फेऱ्यांत जातो. धुळे-सोलापूर महामार्गावर मिळणारा थोडा लाभ ही हानी भरून काढीत नाही.

कॅमदंड एकटा काम करीत नाही, हेही ध्यानात घेणे अवश्य आहे. फियाटने १९५३ मध्ये ११०० ची जी वेगवान ‘टी. व्ही.’ आवृत्ती काढली, तिची शक्ती सुमारे ३६ वरून ५० अश्वशक्तीवर नेताना संपीडन गुणोत्तर वाढविले व कार्ब्युरेटरही बदलला. झडप उशिरा मिटत असल्याने प्रत्यक्ष संपीडन घटते. ते भरून न काढल्यास तीव्र दंडाचा लाभ अपुरा राहतो. स्प्रिंगा दुबळ्या असतील तर वाढत्या वेगात झडप कॅमच्या मागे पडते. उचल फार असेल तर स्प्रिंगेचे वेढे एकमेकांस भिडतात किंवा झडप दट्ट्यावर आदळते.

खरेदीच्या वेळी दोन दंडांची तुलना एकाच पद्धतीच्या मापांनी करावी. काही विक्रेते झडप हालू लागल्यापासूनचा काल सांगतात, तर काही टॅपेट १.२७ मिलिमीटर उचलल्यानंतरचा; दुसरा आकडा नेहमीच लहान दिसतो. जुनाच दंड घासून नवा आकार दिला असेल, तर कॅमचे पायावर्तुळ लहान होते आणि पुशरॉडची लांबी तपासावी लागते. नव्या दंडावर जुने टॅपेट कधीही वापरू नयेत, कारण जुनी झीज नव्या पृष्ठभागास कुरतडते. प्रथम चालविताना इंजिन रेंगाळत न ठेवता सुमारे २००० फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवावे, व जस्तयुक्त झीजरोधक पुरेसे असलेले तेल घालावे. आधुनिक मोटारींच्या बऱ्याच तेलांत हे द्रव्य कमी असते.

शेवटचा विचार धुराचा. उपरिव्याप वाढला की मंद चालीत न जळलेले मिश्रण निष्कासात निसटते, आणि प्रदूषण-तपासणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात ते याच मंद चालीत.

तात्पर्य, गाडी ज्या फेऱ्यांत सर्वाधिक चालते, त्या फेऱ्यांसाठी कॅमदंड निवडावा. नित्य वापराच्या पद्मिनीस मूळ मापाचा, किंवा त्याहून किंचितच दीर्घ कालाचा दंड योग्य होय. तीव्र दंड, त्यास साजेसे संपीडन, स्प्रिंगा व कार्ब्युरेटर यांसह, केवळ शर्यतीच्या इंजिनासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.